बेगोमोव्हायरस: पांढऱ्या माशीमागून येणारा रोग पिकाबाहेर कसा ठेवायचा

शेंड्याची पानं आवळून बारीक झाली, कडा वर वळल्या, शिरांमधला भाग पिवळट पडला आणि झाड आहे तिथेच खुंटलं, की बहुतेक जण "व्हायरस आला" म्हणत पंप खांद्यावर घेतात. त्या झाडापुरती ही फवारणी वाया जाते. विषाणू आत शिरून तोवर दोन-तीन आठवडे उलटलेले असतात, आणि पेशीत ठाण मांडलेला विषाणू मारणारं फवारणीचं औषध अजून तरी नाही. "व्हायरसवर रामबाण" म्हणून विकल्या जाणाऱ्या बाटल्यांत बहुधा सूक्ष्म अन्नद्रव्यं नाहीतर वाढ संप्रेरकं असतात. चार दिवस पानं तजेलदार दिसतात, मग नवा शेंडा पुन्हा तसाच आवळलेला निघतो.

म्हणून या लेखात उपाय रोगाच्या क्रमाने न देता वेळेच्या क्रमाने दिले आहेत: लागणीआधी (म्हणजे लागवडीआधी) काय करायचं, रोपवाटिकेत काय, लागणीनंतर काय आणि पीक संपताना काय. यातले लागवडीनंतरचे पहिले पाच-सहा आठवडे सगळ्यांत महत्त्वाचे. त्या काळात रोगाची लागण झालेलं टोमॅटोचं झाड जवळपास काहीच देत नाही. तीच लागण फळं धरल्यावर झाली तर वरचा शेंडा बिघडतो, पण खालची फळं हाती लागतात. पैसा, मजूर आणि लक्ष कुठे घालायचं ते या एका फरकावरून ठरतं.

आधी शत्रूची थोडी ओळख

बेगोमोव्हायरस हा जेमिनीव्हायरस कुळातला सर्वांत मोठा गट. यात चारशेहून जास्त जाती आहेत. टोमॅटो आणि मिरचीचा पर्णगुच्छ, भेंडीचा केवडा, मूग-उडीद-सोयाबीनचा पिवळा मोझॅक, कापसाचा लीफ कर्ल, पपईचा पर्णगुच्छ, कसावाचा मोझॅक, भोपळावर्गातले कित्येक मोझॅक हे सगळे याच गटाचे प्रताप. दोन कण एकमेकांना चिकटून जुळे झाल्यासारखा याचा आकार असतो आणि आत वर्तुळाकार, एकेरी धाग्याचा डीएनए. काही जातींत हा डीएनए दोन तुकड्यांत असतो, काहींत एकाच. एका तुकड्यावाल्यांच्या सोबत बऱ्याचदा बीटासॅटेलाइट नावाचा डीएनएचा छोटा उपग्रह-तुकडा फिरतो. तो झाडाची संरक्षण यंत्रणा बोथट करतो आणि रोग जास्त जहाल होतो.

रोग नवा मुळीच नाही. जपानच्या सम्राज्ञी कोकेन यांनी ७५२ साली एका कवितेत भर उन्हाळ्यात पिवळ्या पडलेल्या युपॅटोरियमच्या झुडपांचं वर्णन केलं होतं. ते पिवळेपण जेमिनीव्हायरस आणि त्याच्या उपग्रहामुळे येतं हे २००३ मध्ये दाखवलं गेलं. कसावाच्या मोझॅकची नोंद १८९४ ची, आजच्या टांझानियातली. भेंडीच्या केवड्याची १९२४ ची, मुंबई इलाख्यातली. नवा आहे तो पसरण्याचा वेग, आणि त्याचं बरंचसं कारण वाहक किडीत आहे.

हा वाहक म्हणजे पांढरी माशी, शास्त्रीय नाव बेमिसिया टॅबासी. १८८९ मध्ये ग्रीसमध्ये तंबाखूवर तिचं पहिलं वर्णन झालं. दिसायला एकसारख्या पण आतून वेगळ्या अशा तीसहून अधिक जातींचा हा गोतावळा आहे, असं आता मानलं जातं. त्यातल्या काहींना कीटकनाशकं फार लवकर पचतात. एका गावात चाललेलं औषध दुसरीकडे का चालत नाही, याचं एक उत्तर इथे आहे.

माशीचं घड्याळ, आणि त्यावरून काय ठरतं

रोगट झाडावर माशीने १५ ते ३० मिनिटं रस शोषला की विषाणू तिच्यात येऊ शकतो. तो तोंडाला नुसता चिकटत नाही. आतड्यातून रक्तात आणि तिथून लाळग्रंथीत असा प्रवास करतो, आणि याला सुमारे ८ ते २४ तास लागतात. त्यानंतर निरोगी झाडावर पुन्हा १५ ते ३० मिनिटं बसली की काम झालं. एकदा विषाणू घेतलेली माशी पुढे कित्येक दिवस, अनेकदा मरेपर्यंत तो वाटत राहते. लक्षणं दोन ते तीन आठवड्यांनी दिसतात.

या आकड्यांतून दोन गोष्टी निघतात. पहिली: बाहेरून विषाणू घेऊनच आलेली माशी अर्ध्या तासात झाड बाधित करते. तिला थांबवायला पाच-सहा तासांनी मारणारं औषध पुरत नाही. तिला झाडावर बसूच न देणं, नाहीतर बसताक्षणी तिचं शोषण थांबवणं, एवढे दोनच मार्ग. दुसरी: शेतातल्या पहिल्या रोगट झाडावरून शेजाऱ्यांकडे होणारा प्रसार मात्र शेतात जन्मलेल्या माश्या करतात. तिथे अंडी आणि पिल्लं मारणारी हळू औषधंही उपयोगी पडतात, कारण पुढची पिढीच कमी होते.

"एवढं फवारलं तरी व्हायरस आलाच कसा" या तक्रारीमागे बहुधा या दोन प्रसारांची गल्लत असते. शेजारच्या जुन्या प्लॉटमधून रोज माश्यांचे लोंढे येत असतील तर तुमची फवारणी कितीही चोख असली तरी पहिला प्रसार थांबत नाही.

पायरी १: हा खरंच विषाणू आहे का?

आवळलेलं पान म्हणजे विषाणूच, असं धरून चालू नका. मिरचीत तर निम्मा गोंधळ इथेच होतो.

मिरचीची पानं वरच्या बाजूला होडीसारखी वळली असतील आणि खालच्या बाजूला चंदेरी-तपकिरी खरचटल्यासारखे डाग असतील, तर फुलकिड्यांवर संशय घ्या. पानं खाली वळून अरुंद झाली, देठ लांबला आणि पान खालून काचेसारखं चकचकीत-तपकिरी दिसू लागलं, तर ते कोळ्यांचं काम. कोळी साध्या डोळ्यांना दिसत नाही, दहापट मोठं दाखवणारं भिंग लागतं. ही दोन्ही कारणं दूर केली की नवी फूट सरळ निघते. विषाणूत नवी फूटही बारीक, चुरगळलेली आणि पिवळ्या कडांचीच येते. पेरी जवळ येतात, शेंडा झुपकेदार होतो आणि फुलं गळतात.

टोमॅटोची फक्त खालची, जुनी पानं गुंडाळली, जाड-कुरकुरीत झाली पण हिरवी राहिली आणि झाड वाढतंय, तर तो पाण्याचा किंवा उष्णतेचा ताण. तणनाशकाचा वारा लागला असेल तर पानं दोऱ्यासारखी अरुंद होतात आणि वाऱ्याच्या दिशेने सलग पट्ट्यातली सगळी झाडं एकदम बिघडतात. लोहाच्या कमतरतेत नवी पानं पिवळी पडतात पण शिरा हिरव्या राहतात, आणि तेही सगळीकडे सारखंच. विषाणूची झाडं सुरुवातीला अशी सरसकट नसतात. बांधाकडे जास्त, मग आत इकडे एक, तिकडे दोन. रोगट झाडाच्या मांडीला मांडी लावून एखादं ठणठणीत झाड उभं असतं.

काही पिकांत खूण इतकी स्पष्ट असते की शंकेला जागाच नाही. केवड्यात भेंडीच्या पानावर शिरांचं पिवळंधमक जाळं दिसतं आणि फळं पांढुरकी, राठ निघतात. लीफ कर्ल झालेलं कापसाचं पान उजेडासमोर धरलं तर शिरा जाड आणि गडद दिसतात. मग पान उलटं करा, मधल्या शिरेवर वाटीसारखी इवलीशी पानवजा वाढ फुटलेली सापडू शकते.

नक्की करायचं असेल तर पीसीआर, म्हणजे विषाणूचा डीएनए शोधणारी प्रयोगशाळेतली तपासणी. त्यासाठी नमुना म्हणून वाळलेलं जुनं पान पाठवू नका. लक्षणं असलेली सर्वांत कोवळी पानं चार-पाच झाडांवरून घ्या, सोबत एका निरोगी झाडाचा वेगळा नमुना द्या, ओलसर कागदात गुंडाळून थंड ठेवा आणि लगेच पोहोचवा. पहिल्यांदा रोग दिसला तेव्हा एकदा तरी तपासून घेणं मला गरजेचं वाटतं, कारण फुलकिड्यांनी पसरणारे टॉस्पोव्हायरस आणि हाताने पसरणारे टोबॅमोव्हायरस यांचे उपाय पूर्ण वेगळे आहेत. बहुतेक बेगोमोव्हायरस कात्रीने किंवा हाताच्या स्पर्शाने पसरत नाहीत, आणि बियाणं ही त्यांची मुख्य वाट नाही. ठळक अपवाद टोमॅटो लीफ कर्ल न्यू दिल्ली व्हायरसचा. तो रसातूनही जाऊ शकतो आणि नाव टोमॅटोचं असलं तरी भोपळावर्गाला छळतो. २०१२ मध्ये तो स्पेनमध्ये झुकिनीवर पोहोचला.

पायरी २: माशी मोजायला शिका

पहाटे किंवा सकाळी लवकर, ऊन चढण्याआधी जा. तेव्हा माश्या सुस्त असतात. पानाला धक्का न लावता, देठाला हलकेच दोन बोटांत धरून पान उलटा. प्रौढ माश्या शेंड्याकडच्या कोवळ्या पानांखाली बसतात आणि अंडीही तिथेच घालतात. झाड वाढत जातं तसं ते पान खाली राहतं, म्हणून मोठी पिल्लं मधल्या आणि खालच्या पानांवर सापडतात. वर फक्त प्रौढ आणि खाली एकही पिल्लू नाही, याचा अर्थ माशी नुकतीच बाहेरून येतेय. खाली पिल्लं भरपूर असतील तर ती तुमच्याच शेतात वाढतेय. औषधाची निवड या एका निरीक्षणावर बदलते.

भिंगातून बघितलं तर पिल्लू पानाला चिकटलेल्या चपट्या, पिवळसर खवल्यासारखं दिसतं. अंड्यातून निघाल्यावर थोडं सरपटतं, एकदा तोंड खुपसलं की जागा सोडत नाही. शेवटच्या अवस्थेत त्यावर दोन लाल ठिपके दिसतात, ते आत तयार झालेल्या माशीचे डोळे. माशी बाहेर पडली की मागे पांढरी रिकामी कात राहते आणि तिच्यावर इंग्रजी टी अक्षरासारखी चीर असते. कातीला अशी चीर नसून गोल भोक असेल तर आनंद माना: तिथून माशीऐवजी परजीवी गांधीलमाशी बाहेर पडली आहे. अशा भोकांचं प्रमाण जास्त असेल तर कडक औषध मारून त्या मित्रांचा बळी देऊ नका.

हरितगृहात आणखी एक पांढरी माशी भेटते, ट्रायल्युरोड्स. ती पंख सपाट पसरून बसते, तर बेमिसिया पंख छपरासारखे उतरते धरते आणि मधली फट दिसते. ट्रायल्युरोड्स बेगोमोव्हायरस पसरवत नाही, त्यामुळे तिला बघून घाबरून जायचं कारण नाही. मात्र ती क्रिनीव्हायरस हा वेगळ्या गटातला विषाणू आणते.

मोजणीसाठी शेतात नागमोडी चालत वीस-तीस झाडं बघा, बांधालगतची वेगळी मोजा, आणि आठवड्यातून दोनदा हे वहीत लिहा. पिवळे चिकट सापळे पिकाच्या शेंड्याच्या उंचीवर लावा. उघड्या शेतात त्यांनी पीक वाचत नाही. ते फक्त खबर देतात. दहाचे शंभर सापळे केले म्हणून रोग कमी होईल या आशेवर राहू नका.

पायरी ३: रिकामा काळ आणि जागा

या रोगाविरुद्ध सगळ्यांत परिणामकारक उपाय एकट्याने करता येत नाही, आणि म्हणूनच तो सगळ्यांत कमी केला जातो. एखाद्या भागात दोन-तीन महिने ते पीक कुणीच घेतलं नाही, तर माशीला विषाणू घ्यायला झाडच उरत नाही आणि आधी विषाणू घेतलेल्या माश्या मरून जातात. डॉमिनिकन रिपब्लिकमध्ये १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला टोमॅटो यलो लीफ कर्ल हा बेगोमोव्हायरस पोहोचला आणि प्रक्रिया उद्योगाचा टोमॅटो कोलमडला. तिथे सरसकट तीन महिने पांढऱ्या माशीची यजमान, म्हणजे तिला पोसणारी पिकं न लावण्याचा नियम झाला, जोडीला लवकर येणारी संकरित वाणं आली, आणि उत्पादन सावरलं. नियम पाळला गेला कारण टोमॅटो घेणारे कारखाने मोजके होते. जिथे प्रत्येक जण वेगवेगळ्या बाजारात विकतो तिथे हे अवघड जातं. तरीही शिवारातल्या आठ-दहा जणांनी मिळून लागणीची तारीख ठरवली तरी फरक पडतो: सगळे एका पंधरवड्यात लावा आणि सगळे एकदम काढा. उशिरा लावणाऱ्याच्या कोवळ्या रोपांवर आधीच्या सगळ्या प्लॉटमधल्या माश्या उतरतात.

जागा निवडताना जुना प्लॉट आणि वाऱ्याची दिशा बघा. नवी लागण जुन्या प्लॉटच्या वाऱ्याखाली नको. माशी स्वतःच्या बळावर फार लांब जात नाही, पण वाऱ्यावर स्वार झाली की काही किलोमीटर सहज कापते.

तणांचं वेळापत्रक उलटं होऊ देऊ नका. धोत्रा, कामोनी, ओसाडी, क्रोटॉन अशा तणांत बेगोमोव्हायरस टिकून राहतात, म्हणून बांध स्वच्छ हवेत. पण लागणीच्या दोन-तीन आठवडे आधी. पीक उभं असताना बांध एकदम साफ केला तर तिथल्या माश्या सरळ पिकावर येतात.

मका-ज्वारीच्या दाट ओळी कडेने लावण्याचा सल्ला सर्वत्र दिला जातो. ही पिकं बेगोमोव्हायरसची यजमान नाहीत, वारा थोडा अडतो, मित्रकिडींना आसरा मिळतो. पण मावा पसरवत असलेल्या काही विषाणूंच्या बाबतीत कडेच्या पिकावर तोंड खुपसताना विषाणू पुसला जातो, तो फायदा इथे नाही. या माशीच्या अंगात विषाणू मुरलेला असतो. करायचं तर करा, भिस्त ठेवू नका.

पायरी ४: वाण

प्रतिकारक्षम वाण मिळत असेल तर घ्याच, पण त्याचा अर्थ नीट समजून घ्या. टोमॅटोत टीवाय-१ ते टीवाय-६ अशी प्रतिकाराची जनुकं वापरात किंवा अभ्यासात आहेत. टीवाय-१ सोलॅनम चिलेन्स या रानटी नातेवाइकाकडून आलं, टीवाय-२ सोलॅनम हॅब्रोकायटिसकडून. या जनुकांनी झाड विषाणूमुक्त होत नाही. विषाणूची वाढ दबते, लक्षणं सौम्य राहतात किंवा दिसत नाहीत, आणि झाड फळं देतं. मात्र त्याच झाडावरून माशी विषाणू उचलू शकते. तुमचं प्रतिकारक्षम टोमॅटो हिरवंगार असताना शेजारच्याचं साधं वाण का गेलं, याचं उत्तर तुमच्याच शेतात असू शकतं.

शिवाय विषाणूंचं मिश्रण बदललं की वाण हरतं. बीटासॅटेलाइट सोबत असला तर टीवाय-१ नमतं घेतो असं आढळलं आहे. पाकिस्तानात लीफ कर्लला दाद न देणारी कापसाची वाणं १९९० च्या दशकात आली आणि २००१ मध्ये बुरेवाला भागात विषाणूच्या नव्या, दोन जातींच्या संकरातून झालेल्या प्रकाराने ती पाडली. भेंडीत परभणी क्रांती हे केवड्याला तोंड देणारं नामांकित वाण, पुढे तेही बळी पडू लागलं. म्हणून वाण बदललं तरी जाळी आणि मोजणी सोडायची नाही. जनुकीय बदलाची वाटही चोखाळली गेली आहे: ब्राझीलच्या एम्ब्रापा संस्थेच्या, गोल्डन मोझॅकला दाद न देणाऱ्या घेवड्याला २०११ मध्ये मान्यता मिळाली.

कसावा, रताळी यांसारख्या कांड्या-वेलींपासून लावल्या जाणाऱ्या पिकांत माशीआधी बेण्याचा विचार करायचा. रोगट झाडाची कांडी लावणं म्हणजे रोगच लावणं. बेण्याची झाडं वाढीच्या काळात पानं हिरवी असतानाच निवडून खुणा करून ठेवा; पानं गळाल्यावर सगळ्या कांड्या सारख्याच दिसतात.

पायरी ५: रोपवाटिका, इथे कंजुषी नको

कोवळं रोप जितकं लहान तितकं नुकसान मोठं. रोपवाटिकेत विषाणूची लागण झालेली रोपं लक्षणं दिसायच्या आत शेतात पोहोचतात आणि पहिल्याच दिवशी शेतभर रोगाची केंद्रं तयार होतात. मग बाकीची मेहनत करून फारसा उपयोग नाही.

५० मेश (म्हणजे इंचाला पन्नास भोकं) किंवा त्याहून बारीक नायलॉन जाळी लावा. तिच्या भोकाची अरुंद बाजू पाव मिलिमीटरच्या आसपास असते, त्यातून माशी पार होत नाही. ४० मेशने फुलकिडे तर नाहीतच, माशीही पूर्ण थांबत नाही. बारीक जाळीने हवा कोंडते, म्हणून जाळीचं क्षेत्रफळ वाढवा, उंची जास्त ठेवा. भोकं मोठी करून हवा मिळवू नका. दाराला दार असं दुहेरी दार करा आणि दोन्ही एकाच वेळी उघडणार नाहीत इतकं अंतर मध्ये ठेवा. जाळी जमिनीत गाडून घ्या. मग आत जाऊन, दार लावून, भर दुपारी उजेडाकडे तोंड करून बघा: शिवणीतून, कोपऱ्यातून, पाण्याच्या पाइपाभोवती कुठे मोकळा प्रकाश येतोय? तिथून माशीही येते. नव्या जाळीपेक्षा जुन्या जाळीची ही तपासणी जास्त महत्त्वाची.

रोपवाटिका जुन्या पिकाला लागून नको. आत पिवळे कपडे घालून जाऊ नका. माशी पिवळ्या रंगाला भुलते आणि अंगावर बसून आत येते. रोपं विकत घेत असाल तर ट्रेमधली चार रोपं उलटी करून पानांखाली भिंगाने बघितल्याशिवाय उतरवून घेऊ नका. एक जरी पिल्लू सापडलं तरी ती रोपं उघड्यावर वाढली आहेत असं समजा.

लागणीच्या काही दिवस आधी ट्रेला आंतरप्रवाही कीटकनाशकाची आळवणी केली तर पहिले दोन-तीन आठवडे संरक्षण मिळतं. सायअँट्रानिलीप्रोल माशीचं शोषण लवकर थांबवतं, त्यामुळे या कामात ते सरस ठरतं. इमिडाक्लोप्रिड, थायामेथोक्झामही वापरली जातात, पण अनेक ठिकाणच्या माश्यांनी ती पचवली आहेत, आणि मधमाश्यांच्या धोक्यामुळे युरोपीय संघाने २०१८ मध्ये त्यांचा उघड्या शेतातला वापर बंद केला. आपल्याकडे त्या पिकासाठी लेबलवर जे आणि जेवढं लिहिलंय तेवढंच.

पायरी ६: लागणीनंतरचे पाच-सहा आठवडे

चंदेरी मल्चिंग पेपर अंथरा. खालून परावर्तित होणाऱ्या प्रकाशाने माशीला उतरायची जागा कळत नाही. पीक वाढून जमीन झाकली गेली की हा परिणाम संपतो, पण तोवर नाजूक काळ गेलेला असतो. परवडत असेल तर कमानींवर क्रॉप कव्हर टाकून रोपं फुलोऱ्यापर्यंत झाकून ठेवा. परागीभवनाला मधमाशी लागणाऱ्या पिकात फुलं येताच ते काढावं लागतं. हरितगृहात अतिनील किरण शोषणारी फिल्म बसवली तर आत शिरणाऱ्या माश्या बऱ्याच कमी होतात, कारण दिशा ओळखायला त्यांना हे किरण लागतात.

नत्र हात आखडून द्या. लुसलुशीत पानांवर माशी जास्त अंडी घालते.

फवारणीचा नियम एवढाच: माशीच्या एका पिढीला एकाच गटाचं औषध, पुढच्या पिढीला वेगळा गट. उबदार हवेत अंड्यापासून माशी व्हायला साधारण तीन आठवडे लागतात, थंडीत जास्त. बाटलीवरचं कंपनीचं नाव बदलून गट बदलत नाही. लेबलवर गटाचा क्रमांक असतो, तो बघा. इमिडाक्लोप्रिड आणि थायामेथोक्झाम दोन्ही ४ए. सायअँट्रानिलीप्रोल २८, फ्लोनिकामिड २९, अफिडोपायरोपेन ९डी, डायफेन्थ्युरॉन १२ए. पिल्लांवर चालणारी पायरीप्रॉक्सिफेन ७सी, बुप्रोफेझिन १६, स्पायरोमेसिफेन २३. प्रौढांचे लोंढे येत असताना फक्त बुप्रोफेझिन मारून वाट बघणं चुकीचं, आणि पिल्लांनी पानं भरली असताना फक्त प्रौढ मारणंही तितकंच चुकीचं. सिंथेटिक पायरेथ्रॉइडपासून लांब राहा: त्यांनी मित्रकिडी मरतात आणि पंधरा दिवसांत माशी आधीपेक्षा जास्त दिसते.

निंबोळी अर्क, साबणयुक्त द्रावण, बागायती तेल ही चांगली साधनं आहेत, पण जी माशी किंवा पिल्लू भिजेल त्याच्यावरच ती काम करतात. त्यासाठी नोझल खालून वर तोंड करून पानाच्या पाठीला फवारा लागला पाहिजे. पाठ खरंच भिजली का हे बघायला पाण्याने रंग बदलणारा कागद पानाखाली टाचून एक फेरी मारा. बहुतेकांची पानं वरून निथळत असतात आणि कागद कोरडाच निघतो. भर उन्हात तेल किंवा साबण मारू नका, पानं भाजतात.

फवारणीनंतर तीन दिवसांनी पुन्हा मोजा. पिल्लांवरच्या औषधाला आठवडा द्या. आकडा खाली आला नसेल तर मात्रा वाढवू नका, गट बदला.

हरितगृहात मित्रकिडींवर भर देता येतो. एरेट्मोसेरस आणि एन्कार्सिया या परजीवी गांधीलमाश्या पिल्लांवर, अँब्लिसियस स्विर्स्की हा परभक्षी कोळी अंड्यांवर आणि लहान पिल्लांवर. मात्र यांच्या भरवशावर विषाणू थांबत नाही. दहा माश्यांतल्या नऊ खाल्ल्या तरी उरलेली एक कित्येक झाडं बाधित करते. जाळी आधी, मित्रकिडी नंतर.

पायरी ७: रोगट झाड उपटायचं की ठेवायचं?

लागणीनंतरच्या पहिल्या महिन्यात, शंभरात दोन-चार झाडं दिसत असतील तर उपटा. एक पंचमांश झाडं गेली असतील किंवा पीक फळांवर असेल तर उपटण्याने फारसं साधत नाही, उरलेल्यांतले बरेच आतून बाधित असतात.

उपटण्याची पद्धत मात्र बहुतेक ठिकाणी चुकते. झाडाला हिसका बसला की त्यावरच्या विषाणूवाहक माश्या भुर्रकन उडून शेजारच्या झाडांवर बसतात, म्हणजे रोग काढताना आपणच तो पेरतो. सकाळी लवकर जा, आधी त्या झाडावर आणि आजूबाजूच्या झाडांवर साबणयुक्त द्रावण नीट फवारा, मग उभ्या झाडावर वरून प्लास्टिकची पिशवी चढवा, बुडाशी आवळा आणि तसंच उपटा. पिशवीचं तोंड बांधून उन्हात ठेवा. रोगट झाडं बांधावर फेकली तर ती सुकेपर्यंत माश्या तिथून शेतात परततात. त्या जागी नवं रोप लावू नका. मोठ्या झाडांमध्ये उभं राहिलेलं एकटं कोवळं रोप माशीला आधी सापडतं.

पायरी ८: पीक संपवणं

भाव पडला की तोडणी थांबते आणि पीक तसंच उभं राहतं. पाणी बंद, फवारणी बंद, खालून फूट चालू. पुढच्या हंगामाचा विषाणू आणि माशी दोन्ही अशाच सोडून दिलेल्या प्लॉटमध्ये तयार होतात. शेवटची तोडणी झाली की त्याच आठवड्यात पीक काढा. काढण्याच्या आदल्या दिवशी तेल किंवा साबणयुक्त द्रावणाची फवारणी करून प्रौढ माश्या मारून घ्या, नाहीतर नांगर फिरताच सगळा थवा शेजारच्या शिवारात जातो. मुळासकट उपटा, भेंडी किंवा कापूस बुडातून कापून ठेवला तर खोडव्याला नवी फूट येते आणि ती रोगटच असते.

हरितगृहात झाडं काढण्याआधी दारं-खिडक्या बंद करून फवारणी करा, झाडं तिथेच सुकू द्या, मग बाहेर न्या. आत एकही तण किंवा पडून उगवलेलं रोप उरता कामा नये. खायला काही नसलं की प्रौढ माशी काही दिवसांत मरते, उबदार बंद हरितगृहात आणखी लवकर. पिवळे सापळे आत टांगलेले राहू द्या, आणि सलग आठवडाभर त्यांवर नवी माशी चिकटली नाही तरच पुढची रोपं आत आणा.